अप्पांनी शॉकअप बदलले तो उन्हाळा

आमची गाडी बोळात शिरली की गटारीवरच्या फरशीवर तिचं पुढचं चाक आपटायचं, आणि तो धाडदिशी आवाज ऐकून शेजारची मामी खिडकीतनं ओरडायची, "आली गं बाई तुमची बैलगाडी!" गाडी पांढरी, छोटी; त्या काळात रस्त्यावर दर तिसरी गाडी तीच असायची. अप्पांनी ती जुनीच घेतली होती. अप्पा शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत पॅटर्न बनवायचे, म्हणजे ओतकामाच्या साच्यासाठी लागणारे लाकडी नमुने. रोज ते मोपेडवरनं कामाला जायचे. गाडी बाहेर पडायची ती सोमवारी, फौंड्रीच्या सुट्टीला, नाहीतर कुणाच्या लग्नाबिग्नाला. एरवी ती दारातल्या शहाबादी फरशीवर जुनी चादर पांघरून उभी असायची आणि आमची मांजर तिच्या टपावर झोपायची. ती आदळते, खडखडते, मागं बसलेल्या माणसाचं डोकं छताला लागतं, हे आम्ही सगळ्यांनी कधीच मान्य करून टाकलं होतं. म्हणून त्या वर्षी अप्पांनी एकाएकी शॉकअपचा ध्यास घेतला तेव्हा मला काही उलगडेना.

घरात आम्ही तिघंच. अव्वा म्हणजे माझी आई, अप्पा आणि मी. आमचं मूळ घर नेसरीकडचं. तिथं दारातली भाषा मराठी आणि चुलीपाशी कानडी, तीच सवय कोल्हापुरात आली होती. ती दोघं एकमेकांशी कानडीत बोलायची, माझ्याशी मराठीत, आणि देवाशी कुठल्या भाषेत ते त्यांनाच ठाऊक. सकाळी अव्वाच्या भाकरी थापण्याच्या आवाजानं मला जाग यायची. शेंगांची चटणी, भरलेली वांगी, कटाची आमटी, सणाला हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर. तिच्या हाताला चव अशी की मामी वाटी घेऊन भिंतीपलीकडनं हाक मारायची. आणि उन्हाळा लागला की घरात एकच मोठं काम असायचं, वर्षाची तिखट चटणी. मिरच्या वाळवायच्या, मसाला भाजायचा, सगळं डब्यात भरून डंकावर कुटायला न्यायचं. डंकावर अव्वा स्वतः बसायची. दुसऱ्या कुणावर तिचा भरवसाच नव्हता.

त्या उन्हाळ्यात मात्र ती म्हणाली, "गिरजे, औंदा तूच जा डंकावर." मी एकोणीस वर्षांची, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला, परीक्षा पंधरा दिवसांवर आलेली. मी चिडले. "मी न्हाय जाणार, अभ्यास करतोय मी." आमच्याकडं मुलीही असंच बोलतात, मी जातो, मी येतो, पुढं नोकरीसाठी पुण्याला गेले तेव्हा लोक हसायचे. अव्वा आत गेली आणि तिनं तोंडाला पदर लावला. मसाला भाजतानाही ती परसात जाऊन उभी राहिली होती. फोडणीत लसूण पडेनासा झाला. आमटी पांचट व्हायला लागली आणि अप्पा ती निमूट ओरपायला लागले. ज्या माणसानं जन्मभर ताटात चटणीचा गोळा कमी पडला तर भुवया चढवल्या, तो माणूस मिळमिळीत आमटी पिऊन "झकास झालीया" म्हणतो, याचा अर्थ काय लावायचा? मी खोलीत गेले की दोघांचं कानडी बोलणं तुटायचं. कानडी मला समजत होतं, म्हणूनच तुटायचं.

मग नेसरीहून दोड्डव्वा आली. दोड्डव्वा म्हणजे अव्वाची थोरली बहीण. चार दिवस राहिली, अव्वाला कुठलं काम करू दिलं नाही, आणि येताजाता माझ्याकडं असं बघायची की जणू माझं काही वाईट होणार आहे आणि तिला ते आधी कळलंय. एका दुपारी मी पाणी प्यायला उठले, तर स्वयंपाकघरातनं तिचा आवाज आला. "पोरीला आत्ताच सांगू नका. परीक्षा होऊ दे. कळलं तर गोंधळ घालंल." अव्वा म्हणाली, "मलाच लाज वाटते. कुठल्या तोंडानं सांगू तिला?" आणि मग दोड्डव्वा अप्पांना म्हणाली, "चंदगडचं ध्यानात हाय न्हवं?" अप्पा म्हणाले, "हाय की. म्हणून तर गाडीचं बघतोय."

मी तांब्या न उचलताच परत फिरले. चंदगड म्हटल्यावर मला एकच गोष्ट माहीत होती. आदल्या दिवाळीत तिकडच्या एका घरानं माझ्यासाठी विचारणा केली होती. काजूचा कारखाना होता त्यांचा. तेव्हा अव्वानं मला जवळ घेऊन सांगितलं होतं की तू शिक, आम्ही एवढ्यात काही ठरवत नाही. आता तो शब्द ती मोडणार होती, म्हणून तिला लाज वाटत होती. माझ्या डोक्यात सगळं नीट जुळलं. परीक्षा संपेपर्यंत मी पुस्तकाचं एकच पान उघडं ठेवून बसायची. रोज ठरवायची की आज विचारायचं, आणि रोज रात्री न विचारता झोपायची. आता मला या गोष्टीचं हसू येतं.

गॅरेजवाल्यानं अप्पांना सांगितलं होतं की शॉकअप अजून वर्षभर चालतील, कशाला खर्चात पडता. अप्पा म्हणाले, "तुला चालतील, मला न्हाय चालत." ते गाडी परत घेऊन आले आणि दोन दिवसांनी चार शॉकअपची खोकी आणली. दोन लांबडे आणि जाड, पुढच्या चाकांचे. त्यांना स्ट्रट म्हणतात हे मला तेव्हा कळलं. दोन बारके, मागच्या चाकांचे. पंचवीस वर्षं लाकूड आणि कानस हाताळलेल्या माणसाला पाने चालवायला येत होतेच. पण गाडीच्या पोटात त्यांनी कधी हात घातला नव्हता. मी विचारलं, गॅरेजमध्ये का नाही बदलत? तर म्हणाले, "दुसऱ्याच्या हातावर मी आता न्हाय सोडणार." आता म्हणजे काय, आधी कधी सोडलं होतं, हे काही त्यांनी सांगितलं नाही. मला गाडीच्या कोपऱ्यापाशी उभं केलं आणि म्हणाले, दाब. मी दाबलं. गाडी खाली गेली, वर आली, आणि तीन-चार वेळा तशीच झुलत राहिली. "बघितलंस? स्प्रिंग धक्का खाती, पण तिला शांत करणारा आत कोण उरलेला न्हाय. एकदा खाली, एकदा वर आणि गप. असं पायजे."

पहिल्या सोमवारी मागचे दोन झाले. माझी परीक्षा तोवर संपली होती आणि मी मुकाट्यानं पाने देत होते. आदल्या दिवशी बोल्टांवर रॉकेल सोडून ठेवलेलं, तरी एक बोल्ट दुपारपर्यंत हलला नाही. अप्पांनी पान्याच्या दांड्यावर पाइप चढवला आणि दोघांनी मिळून जोर लावला, तेव्हा तो कर्रकन सुटला. निघालेला शॉकअप तेलानं माखला होता. हातानं दाबला की आत जायचा आणि तसाच मेल्यासारखा पडायचा. अव्वा उंबऱ्यात बसून हे बघत होती. तिनं ताकाचे दोन तांबे आणून ठेवले तर अप्पा एकदम ओरडले, "वाकू नकोस गं!" मी चमकून बघितलं. तांब्या ठेवायला वाकल्याबद्दल कुणी बायकोवर ओरडतं का? अव्वानं माझ्याकडं बघितलं आणि नजर वळवली.

दुसरा सोमवार पुढच्या चाकांचा. हे काम अवघड होतं, कारण पुढं स्ट्रट आणि स्प्रिंग एकातच बसवलेली असतात. ते सगळं जोडकाम खाली काढायचं, स्प्रिंग दाबून धरायची, आणि ती सैल झाली की मगच वरचा नट खोलायचा. स्प्रिंग दाबायला अप्पांनी दोन शिकंजे स्वतः करून आणले होते. आटे पाडलेले लांब रॉड, दोन्ही टोकांना आकडे. एक स्प्रिंगच्या या बाजूला, एक त्या बाजूला. दोन्ही सारखेच आवळायचे, हे त्यांनी मला दहादा सांगितलं. "एक आटा मी, एक आटा तू. मोजून. एक बाजू जास्त झाली तर ही निसटंल, आणि निसटली तर बंदुकीच्या गोळीसारखी येईल."

डावीकडची बिनघोर झाली. उजवीकडची स्प्रिंग आमच्या दोघांच्या मध्ये फरशीवर आडवी होती. एक आटा ते, एक आटा मी. आणि मला आता राहवेना.

"अप्पा, चंदगडला कधी जायचं?"

त्यांचा पाना थांबला. "चंदगडचं तुला कुणी सांगितलं?"

"मला सगळं ठाऊक हाय."

"सगळं?"

"व्हय. माझ्यापासनं कशाला लपवताय?"

त्यांनी कपाळावरचा घाम बाहीनं पुसला. चेहरा असा झाला की जणू डोक्यावरची पाटी कुणी उतरवून घेतली. "बरं झालं बाई. मला सांगायला जमत नव्हतं. गिरजे, चूक माझीच हुती. मी तिला जीपनं आणायला नको हुतं. घाटातनं ती जीप नुसती आदळत हुती, आणि मी पुढं बसून ड्रायव्हरशी गप्पा मारत हुतो."

"कुणाला आणायला नको होतं?"

"अव्वाला."

"अव्वाचा काय संबंध? मी माझ्या लग्नाचं बोलतोय!"

"तुझं लगीन? कुणी ठरवलं?"

"तुम्हीच की! चंदगडवाल्यांशी!"

अप्पा माझ्याकडं बघतच राहिले. मीही. बोलता बोलता माझा पाना फिरत होता, हे माझ्या लक्षात नव्हतं. अप्पा अगदी हळू म्हणाले, "अगं, अव्वाला दिवस गेलेत. चौथा म्हयना सरत आलाय. तू सात वर्षांची हुतीस तवा एक गेलं, चंदगडहून येताना. ह्या बारीला तसं होऊ द्यायचं न्हाय म्हणून..."

पुढचं वाक्य मला ऐकूच आलं नाही. आकडा निसटला. मला फक्त एक आवाज आठवतो, आणि समोरच्या पत्र्याच्या पिंपाला पडलेला खोल पोचा, आणि त्यातनं उसळलेलं पाणी. स्प्रिंग अप्पांच्या डाव्या मनगटावरनं पिंपावर गेली होती. हातभर इकडं आली असती तर माझं तोंड होतं. अप्पा मनगट छातीशी धरून बसले होते. अव्वा आतनं धावत आली आणि मध्येच थांबली. एक हात दाराच्या चौकटीवर, एक हात पोटावर. तो हात मी पहिल्यांदा बघितला. इतके दिवस तो तिथंच असणार.

मामीचे यजमान हमीदमामा एसटीच्या वर्कशॉपातनं फिटर म्हणून रिटायर झालेले. आवाज ऐकून ते आलेच. अप्पांना रिक्षात घालून त्यांनी हाडाच्या डॉक्टरकडं नेलं. मनगट दोन ठिकाणी मोडलं होतं. दुसऱ्या दिवशी मामा खुर्ची घेऊन आमच्या दारात बसले, कारण त्यांचे गुडघे वाकत नव्हते. "चल पोरी. हात तुझं, डोळं माझं. गाडी अशी ठोकळ्यावर किती दिस ठेवतीस?" त्यांनी शिकंजे उलटेपालटे करून बघितले आणि विचारलं, "माल तर झकास हाय. निसटला कसा?" मी म्हटलं, "मी आटे जास्त फिरवले." "का?" मी पाना उचलला. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. संध्याकाळपर्यंत मामांच्या डोळ्यांदेखत मी ती स्प्रिंग दाबली, नवा स्ट्रट आत बसवला, सगळं परत गाडीला चढवलं आणि चाक घातलं. गाडी खाली उतरवून कोपरा दाबला. एकदा खाली, एकदा वर आणि गप. मामा म्हणाले, "शाब्बास." मला मात्र रडू आलं, आणि ते कशाचं होतं ते मला आजही नीट सांगता येत नाही.

लग्नाचं संकट टळलं म्हणून मी खूश व्हायला हवं होतं. तशी झाले नाही. एकोणीस वर्षांच्या मुलीची आई गरोदर, हे मी मैत्रिणींना कसं सांगणार होते? बोळातल्या बायका मला बघून पदराआड हसायच्या, किंवा मला तसं वाटायचं. मी अव्वाशी बोलणं टाकलं. भांडण नाही, तंटा नाही. विचारलं तेवढ्याचं उत्तर द्यायचं आणि उठून जायचं. राग होता म्हणावं तर तिचे सुजलेले पाय बघून मीच गरम पाणी ठेवायची. प्रेम होतं म्हणावं तर ती पाय बुडवत असताना मी खोलीत थांबत नव्हते. अप्पांचा हात गळ्यात, गाडी दारात. हमीदमामा म्हणाले, घरात कुणाला तरी चालवता आली पायजे, आणि रोज सकाळी मला मैदानावर न्यायला लागले. गीअर, क्लच, रिव्हर्स. लायसन मिळालं तोवर अप्पांचं प्लास्टर निघालं होतं आणि ते परत कामावर जायला लागले होते. मी पुन्हा कॉलेजात.

श्रावण संपता संपता, एका सकाळी अव्वा भाकरी थापता थापता थांबली. आवाज थांबला म्हणून मी बाहेर आले. ती भिंतीला टेकून उभी होती आणि लुगडं भिजलं होतं. आठवा महिना. अप्पा पहिल्या पाळीला गेलेले, हमीदमामा बाजारात. मी भिंतीपलीकडं हाक मारली, मामी धावत आली, आम्ही दोघींनी अव्वाला मागच्या सीटवर निजवलं. मामीनं तिचं डोकं मांडीवर घेतलं. मी किल्ली फिरवली आणि गाडी बोळातनं बाहेर काढली.

पावसानं रस्त्यांची चाळण झाली होती. खड्ड्यांत पाणी साचलेलं, त्यामुळं कुठला किती खोल ते कळत नव्हतं. मी एकेक चुकवत होते, सायकलवाले शिव्या घालत होते, मागं मामी आपल्या देवाचं नाव घेत होती. पुलाच्या अलीकडं एक टेम्पो अंगावर आला, मी गाडी डावीकडं घेतली आणि चाक एका खड्ड्यात गेलं. चांगलं खोल गेलं. गाडी पूर्ण आदळली आणि अव्वा कण्हली.

"अव्वा! लागलं काय?" मी ब्रेकवर पाय ठेवला.

"थांबू नकोस," ती म्हणाली. आणि मग ती माझ्याशी कानडीत बोलायला लागली. मामीला कळू नये म्हणून. जन्मात पहिल्यांदा ती माझ्याशी त्या भाषेत बोलली. "भिऊ नकोस गिरजे. चंदगडच्या जीपनं काही झालं नव्हतं. ते मूल दोन-तीन दिवस आधीच पोटात गेलं होतं. डॉक्टरीणबाईंनी मला तेव्हाच सांगितलं होतं."

"मग अप्पांना का नाही सांगितलंस?"

"तुझी आजी होती तेव्हा. म्हणाली असती, हिच्याच अंगात खोट आहे, दुसरी करून आणा. जीपचं नाव घेतलं आणि सगळी गप्प बसली."

"आणि आजी गेल्यावर?"

गाडी पुलावर चढली. आरशात मला तिचा फक्त हात दिसत होता, मामीच्या पदराला घट्ट धरलेला. मग ती म्हणाली, "मग उशीर झाला होता गं," आणि पुढच्या कळेनं तिचं बोलणं तुटलं. मी वाट बघत गाडी चालवत राहिले. बारा वर्षं एक माणूस स्वतःला दोष देत जगला आणि दुसऱ्यानं ते शेजारी झोपून बघितलं. मला तिची चीड आली, आणि त्याच क्षणी असं वाटलं की ही बाई मरता कामा नये, बाकी काही नको.

दवाखान्यात तिला लगेच आत नेलं. मी कागदावर सही केली. मामीनं माझे हात स्वतःच्या पदरानं पुसले, कशानं ओले झाले होते कुणास ठाऊक. तासाभरात नर्सनं येऊन सांगितलं, मुलगी आहे, वजन कमी आहे, पण रडली. आईही बरी आहे. काचेच्या पेटीत एक लालसर, सुरकुतलेली, मुठी आवळलेली वस्तू होती. ती माझी बहीण शांता. आज ती स्वतः दोन मुलांची आई आहे आणि माझ्याशी फोनवर तासन् तास भांडते. अव्वाचं गुपित मी तिलाही कधी सांगितलं नाही. अप्पा जाऊन सात वर्षं झाली, अव्वा त्याआधीच गेली. त्या दोघांत पुढं कधी त्याबद्दल बोलणं झालं की नाही, मला माहीत नाही. मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं का, हेही ठरत नाही.

अप्पा आले ते फौंड्रीतनं थेट. कुणीतरी फोन करून निरोप दिला होता. केसांत लाकडाचा भुसा, शर्टाची बटणं वरखाली. त्यांनी पेटीत वाकून बघितलं नाही. आई कशी आहे, मुलगा की मुलगी, काहीच विचारलं नाही. सरळ माझ्यापाशी आले, माझे दोन्ही खांदे धरले, डाव्या हाताची पकड अजून कच्ची होती, आणि विचारलं, "वाटंत धक्का बसला काय गं?"

मामी माझ्याकडं बघत होती. खड्डा तिनंही अंगावर घेतला होता.

"न्हाय अप्पा," मी म्हटलं. "एकबी न्हाय बसला."

त्यांनी माझे खांदे सोडले, भिंतीलगतच्या बाकावर बसले आणि शर्टाची बटणं काढून पुन्हा नीट लावायला लागले.